धोट्याचा पाठ

फेब्रुवारी लागला आणि भिवानं गॅलरीत माग बांधायला काढला, तेव्हा येणारीजाणारी माणसं थांबून हसू लागली. त्याचा सगळा जन्म रिंगखात्यात गेलेला. सुतानं भरलेल्या बॉबिनी उतरवायच्या, तुटलेली तार जोडायची, पुन्हा ओळीनं फिरत राहायचं, यातच त्याचे केस पांढरे झाले होते. काही वयानं, काही कापसाच्या भुऱ्यानं. कापड विणायच्या खात्याशी त्याचा कधी संबंध आला नव्हता. आणि आता हा माणूस पाळी संपवून आल्यावर उकिडवा बसून दगडू सुताराच्या करवतीनं फळ्या कापत होता.

"काय भिवा, गिरणी काढतोस काय?" शेजारच्या धोंडूनं जिन्यावरून विचारलं.

"काढतोय. तुला बदलीवर घीन. सकाळी भोंग्याला यून हुबा ऱ्हा."

"आणि पगार?"

"त्यो तुमच्या समितीला इचार. मुंबई मिळाली की देतील."

धोंडू हसत खाली गेला. डिलाईल रोडच्या भिंतींवर त्या दिवसांत एक बोट जागा मोकळी नव्हती. निवडणूक तोंडावर आली होती. संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणा चुन्यानं लिहिलेल्या, त्यांच्यावर काँग्रेसची पोस्टरं, त्यांच्यावर पुन्हा चुना. धोंडू रोज संध्याकाळी डबा आणि कुंचला घेऊन निघायचा. भिवाही दोनदा जाऊन आला होता. पण आता त्याला वेळ नव्हता. माग व्हायला हवा होता.

माग होता कौसल्येसाठी. कौसल्या त्याची थोरली. मॅट्रिक होऊन ती दादरच्या ट्रेनिंग कॉलेजात गेली होती. प्राथमिक शाळेत शिकवणाऱ्यांचा दोन वर्षांचा कोर्स, आणि हे शेवटचं वर्ष. आदल्या वर्षी गोळीबार झाला, कर्फ्यू लागला, हरताळावर हरताळ झाले, शाळा कितीदा बंद पडल्या. तिचे सरावाचे पाठ अर्धेअधिक राहून गेले. या वर्षी शाळेत मतदान होणार म्हणून वार्षिक पाठच अलीकडे ओढले. वार्षिक पाठ म्हणजे खरीखुरी परीक्षा. खराखुरा वर्ग, मागच्या बाकावर परीक्षक, आणि फळ्यापाशी एकटी मुलगी. त्यात ती उतरली तर म्युनिसिपालटीच्या शाळेत नोकरी. नाही उतरली तर आणखी एक वर्ष. आणि ते वर्ष मिळणार नव्हतं. भिवाच्या बायकोचा, मीराबाईचा, भाऊ वडाळ्याहून दर रविवारी येत होता. यार्डात कामाला असलेला एक मुलगा त्यानं पाहून ठेवला होता. "या साली पास झाली तर झाली," तो म्हणाला होता, "न्हाई तर आक्के, ह्याच पोराला द्यायची. मी काय पुन्हा पुन्हा सोयरीक आणनार न्हाई." मीराबाईनं त्याला जेवू घालून परत पाठवलं होतं.

कॉलेजातला माग मोठा, जमिनीत खांब पुरलेला. तो काही पाठ व्हायचा होता त्या डिलाईल रोडच्या शाळेत नेता येत नव्हता. कौसल्येच्या कॉलेजातल्या लतिकाबाईंनी सांगितलं होतं, "चित्र लावून शिकवू नकोस. मुलांना हात लावता येईल असं काहीतरी ने." म्हणून हा लहानसा, डोक्यावरून नेता येईल असा माग. कौसल्या कागदावर रेघा ओढून दाखवायची आणि भिवा तसं लाकूड कापायचा. चुकलं की पुन्हा कापायचा. त्याच्या अंगठ्याला करवत लागली, तर त्यानं चुना लावून वर चिंधी बांधली आणि तसाच बसला.

"तुमाला एकच इषय हाय का समदे?" मीराबाईनं एकदा भाकरी थापता थापता विचारलं. तिला हा कोर्स अजून नीट उमगला नव्हता. तिच्या भावाच्या पोराला गणिताचा मास्तर वेगळा, इतिहासाचा वेगळा होता.

"सगळे," कौसल्या म्हणाली. "पण वेगवेगळे नाही शिकवायचे. एक काम घ्यायचं. आमचं विणकाम. उभे धागे किती, आडवे किती, हे मोजलं की गणित. कापूस कुठनं आला, की भूगोल. कोण विणायचं, कुणी घातलं, की इतिहास. मग मुलांनी त्यावर चार ओळी लिहिल्या की भाषा. सगळं त्या एकाच कामातून निघालं पाहिजे. ओढून आणलेलं नको, असं बाई म्हणतात."

"आन् भाकरी?"

"भाकरीतूनही निघेल की. ज्वारी, पाणी, जाळ."

"मंग माझाबी कोर्स झाला म्हन," मीराबाई म्हणाली आणि भाकरी उलटली.

भिवा हसला. पोरगी बोलताना तिच्या तोंडाकडे बघत राहायची त्याला सवय लागली होती. ती घरात बोलायची तीच भाषा, पण मध्येच एखादा शब्द असा यायचा की तो धुवून घडी घालून ठेवल्यासारखा वाटायचा. त्याला ते आवडायचं. मिलमध्ये तो कुणाला सांगायचा नाही, पण कुणी विचारलं तर थांबून सांगायचा.

सुईची गोष्ट तिनं त्याच संध्याकाळी सांगितली. सांगताना ती हसत होती, म्हणून भिवाला आधी कळलं नाही.

धोट्यात, म्हणजे आडवा धागा इकडून तिकडे नेणाऱ्या नावेसारख्या लाकडात, सुताची कांडी बसवली की तिचं टोक धोट्याच्या बारीक भोकातून बाहेर काढावं लागतं. कॉलेजातले विणकामाचे गुरुजी ते तोंडानं काढायचे. भोकाला ओठ लावायचे, श्वास आत ओढायचा, की तार भोकातून बाहेर येते. मुलींनीही तसंच शिकायचं. एकीनं ओढली की दुसरीच्या हातात धोटा. ओळीत कौसल्येच्या मागे गिरगावची दुर्गा होती. कौसल्येची पाळी आली, तिनं तार ओढली आणि धोटा मागं दिला, तेव्हा दुर्गानं पिशवीतून क्रोशाची सुई काढली. म्हणाली, आपण हिनं ओढू या ना, आरोग्याच्या दृष्टीनं बरं.

"तुझी पाळी झाल्यावर सापडली सुई?" भिवानं विचारलं.

"हो."

"त्याच्या आधी जिनं वढली, तवा न्हाई सापडली?"

"नाही."

कौसल्या म्हणाली, "दुर्गाच्या मनात काय होतं ते दुर्गाला माहीत. पण बाबा, सुई चांगलीच आहे. सगळ्यांनी एकच धोटा चोखायचा, ही घाणच आहे की. मी पाठाला सुईच घेणार आहे. तिच्याकडून मागूनच घेतली."

भिवा गॅलरीत जाऊन मागापाशी बसला, पण त्यानं करवत उचलली नाही.

धोट्याची गोष्ट चाळीत कुणाला सांगावी लागत नसे. सूत भिवाच्या जातीच्या हातचं चालायचं. रिंगखात्यात, धुनकीत, कापसाच्या गठड्या फोडायला, सगळीकडे त्यांची माणसं चालायची. साचेखात्यात, जिथं यंत्रावर कापड विणतात तिथं, नाही. तिथं पगार चांगला, माणूस जरा मानाचा. भिवा तरणा असताना जॉबरकडे, माणसं भरणाऱ्या मुकादमाकडे, गेला होता, साचेखात्यात बदलीवर तरी घ्या म्हणून. जॉबर माणूस बरा होता. त्यानं आवाज खाली आणून सांगितलं, "मी घेईन रे. पण तुझा धोटा उद्या दुसऱ्याच्या हातात जाणार. साचेवाले काम बंद ठेवतील." भिवा परत आला आणि पुन्हा कधी गेला नाही. आता असं अडवणं कायद्यानं गुन्हा होता. त्यानं स्वतः धर्म सोडून वर्षही झालं नव्हतं, जात मागं टाकल्याचं त्यानं हजारोंच्या गर्दीत हात वर करून सांगितलं होतं. पण खातं बदलायचं वय निघून गेलं होतं.

पाठाला धोटा लागणार होता, आणि धोटा साचेखात्यातच होता.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तो अंगण ओलांडून तिकडे गेला. दारातच त्याचे कान बंद झाले. रिंगखात्याला घरघर असते. ही नुसती ठोकाठोक होती. खाली जमीन ओली, वर वाफ, खळीचा आंबूस वास. सुट्टी असूनही काही साचे चालूच होते, आणि साचेवाले एकमेकांशी आवाजाशिवाय, नुसते ओठ आणि बोटं हलवून बोलत होते. भिवाला त्यातलं अक्षर कळेना. दोघातिघांनी त्याच्याकडे पाहिलं. एकानं बोटांनी काहीतरी खूण केली आणि बाकीचे हसले.

कुशाबा मधल्या ओळीत होता. वेंगुर्ल्याकडचा माणूस, पलीकडच्या चाळीत राहणारा. मोर्चात दोघं कितीदा शेजारी चालले होते, घोषणा देऊन देऊन दोघांचेही घसे बसले होते, आणि परतताना एकाच इराण्याकडे चहा प्यायले होते. पण भिवानं त्याला साच्यापाशी कधी पाहिलं नव्हतं. कुशाबानं रिकामी कांडी काढून फेकली, नवी बसवली, धोटा तोंडाशी नेला, गाल आत गेले, तार आली. सगळं एका झटक्यात. मग त्यानं भिवाला पाहिलं आणि साचा थांबवून त्याच्या कानाशी आला.

"तू हय खय?"

"धोटा पायजे. जुना, फेकायचा आसंल तर. कौसीचा पाठ हाय शाळंत."

"कौशेचो?" कुशाबानं जरा वेळ त्याच्याकडे पाहिलं. मग साच्याखालून एक धोटा ओढून काढला आणि धोतराला पुसला. "ह्यो घे. कड फुटली हा. पन दाखवूक चलात."

भिवानं धोटा हातात घेतला. हातात घ्यायची ही त्याची पहिलीच वेळ होती. त्याला वाटलं होतं त्यापेक्षा जड होता. दोन्ही टोकांना पितळ, आणि मधलं लाकूड वापरून वापरून इतकं गुळगुळीत झालेलं, की ओल्या साबणासारखं निसटत होतं. भोकाभोवतीचं लाकूड काळं पडलं होतं. ते कशानं, हे त्याला कुणी सांगायला नको होतं.

पाळी सुटल्यावर फाटकापाशी झडती झाली. कुशाबानं खात्यातल्या मास्तरची चिठ्ठी आणून दिली होती, तरी पहारेकऱ्यानं धोटा वर धरून सगळ्यांना दाखवला. "रिंगवाला धोटा घेऊन चाललाय," तो म्हणाला. "विणणार काय रे? डोकं फिरलं काय?"

"माझी पोरगी शिकवणार हाय," भिवा म्हणाला.

"धोटा?"

"समदं."

पहारेकऱ्यानं धोटा परत दिला. मागची माणसं ढकलत होती.

माग उभा राहिला. दगडूनं शेवटी येऊन फणीची चौकट सरळ करून दिली. कौसल्येनं ताणा, म्हणजे उभे धागे, भरला, आणि रोज संध्याकाळी गॅलरीत पाठाचा सराव सुरू झाला. चाळीतली पोरं समोर बसायची, ती त्यांना धागे मोजायला लावायची, पाढा म्हणवून घ्यायची, आणि भिवा कठड्याला टेकून ऐकायचा. धोट्यात तार घालायची वेळ आली की ती सुई काढायची. भिवाच्या कपाळाला आठी पडायची.

पाठाच्या आदल्या संध्याकाळी पोरं गेल्यावर तो बोलला.

"कौसे. उद्या तोंडानं वढ."

ती ताण्याचा एक तुटलेला धागा जोडत होती. तिनं मान वर केली नाही.

"सुई लपवून ठीव. त्या परीक्षकाफुडं, त्या पोरांफुडं, धोटा तोंडाला लाव आन् तार वढ. बघूंदेत. गिरणीतल्या आपल्या एकाबी मानसाला हे करता आलं न्हाई. तू कर."

"बाबा, परीक्षक आरोग्याचे गुण देतात."

"कापले तर कापूंदेत."

"माझा मामा बसलाय ना वडाळ्याला सोयरीक घेऊन, त्याला सांगा तसं," कौसल्या हसून म्हणाली. पण लगेच गंभीर झाली. "बघते," म्हणाली. एवढंच. ती बघते म्हणाली म्हणजे तिनं काय ठरवलंय हे सांगत नाही, हे भिवाला ठाऊक होतं. हा स्वभाव तिनं कुणाचा घेतला, हेही ठाऊक होतं.

त्या आठवड्यात भिवाची दुपारपाळी होती. सकाळी त्यानं माग चादरीत गुंडाळला, डोक्यावर घेतला, आणि दोघं निघाली. कौसल्येनं आईचं धर्मांतराच्या दिवशीचं पांढरं लुगडं नेसायचं टाळून निळ्या काठाची सुती साडी नेसली होती. हातात नकाशा, खडू, एका पिशवीत कापसाची बोंडं. रस्त्यात ओळखीचं माणूस भेटलं की भिवा मान वळवू शकत नव्हता, नुसता "हां" म्हणायचा. एकानं विचारलं, बिऱ्हाड हलवतोस काय. "शाळंत चाललोय," भिवा म्हणाला.

वर्ग चौथीचा. शिपाई म्हणाला, माग ठेवा आणि बाहेर थांबा. पण जमिनीतली एक फरशी खचलेली होती, माग डगमगायला लागला, आणि तो धरायला कुणीतरी हवं म्हणून लतिकाबाईंनी भिवाला दाराच्या आतच उभं राहायला सांगितलं. मागच्या बाकावर परीक्षक येऊन बसले. काळा कोट, मांडीवर पाठाचं टाचण, हातात पेन. कौसल्येनं काय काय, कोणत्या क्रमानं शिकवायचं ठरवलंय ते त्यात मुद्द्यांनी लिहिलेलं होतं.

पहिल्यांदा तिचा आवाज जरा चढा लागला. भिवाला वाटलं, हिला पाणी द्यावं. मग तिनं एका मुलाला विचारलं, कापूस कुठनं येतो?

"गोडाऊनमधनं."

वर्ग हसला, कौसल्याही हसली, आणि तिचा आवाज जागेवर आला. तिनं नकाशा उघडला. खानदेश, वऱ्हाड, काळी माती. एक बोंड हातोहात फिरलं. दोन मुलींना मागापाशी बोलावून तिनं ताण्याचे धागे पाचापाचांनी मोजून घेतले, फळ्यावर गुणाकार मांडला, आणि तो चुकला तेव्हा स्वतः न सुधारता दुसऱ्या मुलीला पुन्हा मोजायला लावला. भिवानं मागाची चौकट घट्ट धरून ठेवली होती. मोजताना मुलींची बोटं त्याच्या हातांना लागत होती. परीक्षकांचं पेन चालत होतं.

मग तिनं धोटा उचलला. कांडी बसवली.

तिनं पिशवीतून क्रोशाची सुई काढली, भोकातून आत घातली, तार अडकवली, ओढून घेतली. भिवानं मान दुसरीकडं फिरवली.

"बाई," समोरच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली. दोन घट्ट वेण्या, पुढचा दात पडलेला. "माझे आजोबा तोंडानं ओढतात."

भिवानं तिला ओळखलं. कुशाबाची नात, कांता.

"बरोबर," कौसल्या म्हणाली. "गिरणीत तोंडानंच ओढतात. पण त्यानं काय होतं? भुरा छातीत जातो. एकाचा खोकला दुसऱ्याला लागतो. म्हणून ही सुई." तिनं फळ्यावर 'आरोग्य' असं लिहिलं.

"माझे बाबा नाही ओढत," मागून एक मुलगा म्हणाला. "ते रिंगखात्यात आहेत."

"रिंगवाल्यांना साचा येत नाही," कांता म्हणाली. ती उर्मट नव्हती. चाळीत आंघोळीचं पाणी कुठं ठेवतात हे सांगावं तशी ती सांगत होती.

इथं कौसल्येला पुढं जाता आलं असतं. टाचणात पुढचा मुद्दा चरख्याचा होता, खडूही तिच्या हातात होता. तिनं दाराकडे पाहिलं. भिवानं मान हलवली. राहू दे. त्याला आता तोंडाचं, सुईचं काही आठवत नव्हतं. मागच्या बाकावरचा काळा कोट तेवढा दिसत होता. पोरी, पास हो आणि सूट.

"येत नाही, कारण त्यांना शिकवला नाही," कौसल्या म्हणाली. तिनं धोटा सगळ्यांना दिसेल असा धरला. "हा धोटा आज एकाच्या हातात, उद्या दुसऱ्याच्या. साचेवाले म्हणाले, अमुक जातीच्या माणसानं तोंड लावलेला धोटा आम्ही तोंडाला लावणार नाही. म्हणून त्या जातीच्या माणसांना साचेखात्यात घेतलं नाही. त्यांनी सूत काढायचं. त्याच सुताचं कापड दुसऱ्यांनी विणायचं. माग धरून उभे आहेत ते माझे वडील. हा माग त्यांनी केलाय. त्यांनाही घेतलं नव्हतं."

सगळा वर्ग वळून भिवाकडे बघायला लागला. पळून जावं तर हातातून माग सोडता येत नव्हता. एवढ्या वर्षांत ही गोष्ट कुणी मोठ्यानं बोललं नव्हतं, आणि ती बोलली ती भूगोल सांगितला त्याच आवाजात. वऱ्हाडात कापूस पिकतो. माझ्या वडिलांना घेतलं नाही. रडगाणं नव्हतं. पोरं त्याच्याकडे कीव करत बघत नव्हती. धागे मोजताना बघत होती तशीच, नीट बघत होती.

कांता विचार करत होती. ते तिच्या कपाळावर दिसत होतं.

"पण बाई, सुईनं ओढायची ना. तुम्ही आत्ता ओढली तशी. मग कुणाचंच तोंड नाही लागत."

"हो."

"तेव्हा सुई नव्हती?"

"होती."

"आमच्या घरी पण आहे. आई तोरणं करते." ती थांबली. "मग का नाही दिली?"

परीक्षकांचं पेन थांबलं होतं. लतिकाबाई खिडकीपाशी पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या.

"मलाही माहीत नाही," कौसल्या म्हणाली. "हाच गृहपाठ. घरात जे कुणी गिरणीत आहेत त्यांना विचारायचं आणि उत्तर चार ओळींत लिहून आणायचं."

मग तिनं कांताला पुढं बोलावलं. कांतानं सुईनं तार ओढली, आणि धोटा ताण्याच्या धाग्यांतून पलीकडे सरकवला. पलीकडे भिवाचा हात होता. त्यानं तो झेलला आणि काय करायचं ते न कळून तसाच धरून राहिला. "काका, परत द्या," कांता म्हणाली. "इकडनं तिकडे, तिकडनं इकडे." भिवानं परत सरकवला. एक आडवा धागा पडला. पुन्हा आला, पुन्हा दिला. तास संपल्याची घंटा झाली तोवर बोटभर कापड झालं होतं.

परीक्षक उठले आणि टाचण पुढं करून म्हणाले, "इतिहासाखाली इथं चरखा लिहिलाय. जे शिकवलंत ते यात कुठं आहे?"

"नाही, सर."

"मग?"

"मुलीनं विचारलं, सर."

त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि ते पुढच्या वर्गात गेले.

भिवा माग डोक्यावर घेऊन जिन्याखाली थांबला. किती वेळ गेला कोण जाणे. लतिकाबाई कौसल्येबरोबर खाली आल्या. "पास आहे ती," त्या आधी भिवालाच म्हणाल्या. "पहिला वर्ग मात्र गेला. टाचण सोडलं म्हणून गुण कापले. मी पुष्कळ सांगून पाहिलं. म्हणाले, वर्ग जिवंत होता, पण नियम तो नियम." मग त्या कौसल्येला म्हणाल्या, "मी असते तर मला धीर झाला नसता." आणि पुन्हा वर गेल्या.

रस्त्याला लागल्यावर भिवा म्हणाला, "पयला वर्ग गेला. माझ्यापायी."

"तुमच्यापायी न्हाई. माझ्यापायी," कौसल्या म्हणाली. कॉलेजची भाषा तिनं शाळेतच ठेवली होती.

"मी तुला तोंडानं वढ म्हनत हुतो."

"वढलं असतं तर सगळ्यांनी माझंच तोंड बघितलं असतं, बाबा. घरी जाऊन पोरांनी काय विचारलं असतं?"

भिवा त्यावर विचार करत चालला. डोक्यावर माग होता, मान ताठ ठेवणं भागच होतं. पण त्या दिवशी माग नसता तरी मान तशीच राहिली असती. चाळीच्या तोंडाशी धोंडू भेटला. काय झालं म्हणून त्यानं विचारायच्या आत भिवानं सांगितलं. मग पानवाल्याला सांगितलं. मग नळावरच्या बायांना. मीराबाईला सांगायला वर पोचला तेव्हा तिला खालूनच कळलं होतं. ती दारात उभी होती. तिनं कौसल्येच्या हातातल्या पिशव्या काढून घेतल्या, आणि म्हणाली, "माझ्या भावाला निरोप धाडा. म्हनावं, रविवारी यून जेवून जा. सोयरीक घरीच ठीव."

रविवारी सकाळी भाऊ यायच्या आधी कुशाबा आला. धुतलेला सदरा, काखेत छत्री. गॅलरीतल्या बाकावर बसला. भिवा समोर कठड्याला टेकून उभा राहिला. खाली समितीची लॉरी कर्णा लावून निघाली होती. ती जाईपर्यंत दोघंही थांबले.

"भिवा, तुज्या चेडवान आमच्या कांताक काय शिकवल्यान रे?"

"का? काय झालं?"

"घराक इली ती धावतच. आवशीची सुई घेतल्यान आनि माका इचारता, आजोबा, ही सुई घरात होती, मगे रिंगवाल्यांका का नाय दिल्यात? बाईंनी लिहून आणूक सांगितला हा." कुशाबानं छत्री एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतली. "मी म्हटलंय, कोनाच्या ध्यानात इला नाय."

"मंग?"

"तिना ता लिवल्यान नाय. म्हनता, ह्या उत्तर नव्हे. आजोबा, तुमी थंय होता ना?"

जॉबरनं आवाज खाली आणून सांगितलं, त्या दिवशी साचेवाल्यांत कोण कोण होतं, हे भिवानं कधी कुणाला विचारलं नव्हतं. मोर्चात चालताना विचारलं नव्हतं, चहा पिताना नाही, परवा धोटा घेताना नाही. विचारावंसं वाटलं नव्हतं असं नाही. एका दात पडलेल्या पोरीनं ते चुलीपाशी उभं राहून विचारून टाकलं होतं.

"मगे सांगूचाच लागला," कुशाबा म्हणाला. तो खाली रस्त्याकडे बघत होता. "होतंय मी थंय, म्हटलंय. तिना तेवढाच लिवल्यान. माजे आजोबा थंय होते."

भिवानं कठड्यावरचा हात काढला. त्यानं दाराकडे तोंड करून हाक मारली.

"कौसे, भाईर ये. तुझा गृहपाठ आलाय."

कौसल्या ओले हात पुसत बाहेर आली. कुशाबानं तिला परकरात असल्यापासून पाहिलेलं होतं. जिन्यावर भेटली की "कौशे, बापूस हा काय घरात?" एवढंच तो म्हणत आला होता. तिला पाहताच तो बाकावरून उठला. छत्री काखेतून काढून हातात धरली.

"बसा की काका," कौसल्या म्हणाली.

"नाय बाई," कुशाबा म्हणाला. "उबोच बरो आसंय."